खत संपलं नव्हतं, सर

एका फ्लास्कमध्ये दोन जातींची समुद्री सूक्ष्मशैवालं वाढवली की एक जात दबते, ती दुसरीने सोडलेल्या रसायनामुळे की खत कमी पडल्यामुळे, आणि हॅचरीत (मासे-कोळंबीच्या अळ्या वाढवतात तिथे) मिश्र कल्चर, म्हणजे जाती एकत्र वाढवणं, करावं का, असं तुम्ही विचारलंय. पहिल्या भागावरून एम.एस्सी.ला माझं गाइडशी जुंपलं होतं, म्हणून लिहितोय.

हेटरोसिग्मा नावाच्या शैवालासोबत लावलेलं स्केलेटोनेमा, म्हणजे साखळीत वाढणारं दुसरं शैवाल, वाढेचना. सरांचं ठरलेलं उत्तर: "नायट्रेट संपलं असेल, एफ बाय टू (शैवालांचं ठरलेलं खत-मिश्रण) दुप्पट घाल." घातलं, काडीचा फरक नाही. मग हेटरोसिग्माचं जुनं पाणी गाळलं, त्यात नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट, व्हिटॅमिन सगळं नव्याने घातलं, पीएच ८.२ वर आणला आणि त्यात एकटं स्केलेटोनेमा सोडलं. मायक्रोस्कोपखाली लांब साखळ्यांऐवजी दोन-तीन पेशींचे तुकडे, आतला तपकिरी रंग एका कोपऱ्यात आकसलेला. ताज्या पाण्यातलं तेच बियाणं मात्र झकास गडद झालेलं. कुठे संपलं खत?

"गाळताना पेशी फुटल्या असतील," सर म्हणाले. हे अगदीच बिनबुडाचं नव्हतं. हेटरोसिग्माला पेशीभित्तिका नसते; व्हॅक्यूम पंप जोरात लावला की ती फुटते आणि आतलं सगळं पाण्यात उतरतं. म्हणून पंप न लावता नुसतं थेंब-थेंब गाळलं, रात्र गेली त्यात. निकाल तोच. तरी प्रबंधात "पोषकद्रव्यांसाठी स्पर्धा" असंच छापलं गेलं.

बरं, हे काही मी शोधलेलं नाही. अमेरिकेतल्या नॅरागॅन्सेट उपसागरातली हीच जोडी प्रॅट या संशोधकांनी १९६६ मध्येच मांडली होती (तेव्हा हेटरोसिग्माला ऑलिस्थोडिस्कस म्हणत). हेटरोसिग्माचं पाणी जास्त पडलं तर स्केलेटोनेमा दबतं, अगदी थोडं पडलं तर उलट जोमाने वाढतं. खताची टंचाई अशी वागते का कधी?

मिश्र कल्चर कारबॉयमध्ये (शैवाल वाढवायच्या मोठ्या बाटलीत) करू नका. जाती वेगळ्या वाढवा, अळ्यांच्या टाकीत देताना एकत्र करा. प्रिम्नेसियम किंवा अलेक्झांड्रियम ही विषारी शैवालं घुसली तर ते शेजाऱ्यांच्या पेशींची आवरणंच फोडतात, तेव्हा ती बॅच ओतून द्या.

हां, एक राहिलं: दाट कल्चरचा पीएच ९ च्या वर जातो आणि तेवढ्यानेच कित्येक जाती थांबतात. तो न जुळवता केलेल्या प्रयोगाला अर्थ नाही. आणि खुल्या समुद्रात शैवालांनी पाण्यात सोडलेली ही द्रव्यं भराभर विरळ होतात, तिथे फ्लास्कातला निकाल जसाच्या तसा लावू नका.

तुम्ही प्रबंधासाठी विचारत असाल तर गाळलेल्या पाण्यात पूर्ण खत घातलेला कंट्रोल (तुलनेचा फ्लास्क) पहिल्याच दिवशी लावा, आणि गाइडकडून लॉगबुकात त्यावर तारखेसकट सही घेऊन ठेवा.