नदीकाठचं प्लास्टिक नकाशावर आणताना

नदीकाठचा प्लास्टिक कचरा नकाशावर नोंदवून उचलायला बेळगावच्या खानापूर तालुक्यातून सुरुवात करतोयस, फार बरं केलंस. समुद्र इथून लांब असला तरी भीमगडच्या रानातली म्हादई पणजीजवळ अरबी समुद्राला मिळते आणि कणकुंबीच्या मलप्रभेचं पाणी कृष्णेतून बंगालच्या उपसागराकडे जातं.

उपग्रहाच्या चित्रावर सगळी भिस्त ठेवू नकोस. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे १० मीटर. त्यात वाळूचा पट्टा दिसतो, पिशवी नाही. वळणं, बंधारे, पुलाचे खांब तेवढे हेरून ठेव आणि मग पायी जा. नकाशावर नोंदी करायचं क्यूफील्ड हे फोनमधलं अ‍ॅप मोफत आहे, रेंज नसतानाही चालतं. नकाशा घरूनच फोनमध्ये भरून घे. दाट झाडीत जीपीएस भरकटतं, तेव्हा जरा मोकळ्यात थांबून नोंद कर. दुधाची पिशवी, गुटख्याची पुडी, खताचं पोतं वेगवेगळं लिही, कारण कचरा येतो कुठून ते त्यावरूनच कळतं. कचरा उचलल्यावर नकाशावरचा त्याचा ठिपका पुसू नकोस, 'उचलला' अशी तारीख टाक. पावसाळ्यानंतर तीच जागा पुन्हा भरली का, हे बघणं मला साफसफाईइतकंच मोलाचं वाटतं.

भीमगड अभयारण्य आहे. वनखात्याच्या परवानगीशिवाय आत जाऊ नकोस, ड्रोन तर मुळीच नको. आणि गावातल्या जाणत्यांना विचार, पुरात ओंडके कुठं अडकतात. कचराही तिथंच अडकतो, म्हणून तिथं आधी जा.