पीआर कार्डाची मुदत संपली आणि मुक्काम भारतातच लांबला

कॅनडाचे कायम निवासी (पर्मनंट रेसिडेंट, म्हणजे पीआर) असूनही आजारपणामुळे, नोकरीमुळे किंवा घरच्या जबाबदाऱ्यांमुळे महाराष्ट्रात वर्षानुवर्षे राहावे लागलेल्या वाचकांचे काही प्रश्न या वेळी उत्तरांसाठी घेतले आहेत.

प्रश्न : माझ्या पीआर कार्डाची मुदत गेल्या महिन्यात संपली. गेल्या पाच वर्षांत मी सुमारे अडीच वर्षे कॅनडात होतो. एजंट म्हणतो, ‘कार्ड गेले म्हणजे पीआर गेले, आता व्हिजिटर व्हिसा काढा.’ हे खरे आहे का? (पुणे)

उत्तर : मुळीच नाही, आणि असा सल्ला देणाऱ्याला पैसे देऊ नका. कार्ड सामान्यतः पाच वर्षांचे असते आणि ते केवळ ओळखीचा पुरावा आहे. त्याची मुदत संपल्याने कायम निवासाचा दर्जा जात नाही. 2002 सालापासून लागू असलेल्या इमिग्रेशन कायद्यानुसार हा दर्जा नागरिकत्व मिळाल्यावर, स्वेच्छेने सोडल्यावर किंवा अधिकाऱ्याने विरुद्ध निर्णय दिला आणि तो अंतिम झाला, तरच संपतो. शिवाय कायम निवाशाला व्हिजिटर व्हिसा दिलाच जात नाही. आपल्याला हवे आहे ते कार्डाशिवाय कॅनडात परतण्यासाठीचे ‘पीआर ट्रॅव्हल डॉक्युमेंट’, म्हणजे बोलण्यातले पीआरटीडी. त्याचा अर्ज कॅनडाबाहेरूनच करायचा असतो, शुल्क 50 कॅनेडियन डॉलर आहे, आणि मंजुरीनंतर पासपोर्ट जमा केला की त्यावर ते चिकटवून मिळते. नवे कार्ड मात्र कॅनडात पोहोचल्यावरच मागता येते. अर्ज अधिकाऱ्यांच्या हाती येईल त्या दिवसापासून मागे मोजलेल्या पाच वर्षांत 730 दिवस प्रत्यक्ष कॅनडात भरले पाहिजेत. ते सलग असण्याची गरज नाही, आणि येण्याचा व जाण्याचा दिवसही पूर्ण धरला जातो. दर सहा महिन्यांनी एकदा जाऊन आले की पीआर जिवंत राहते, ही समजूत बहुधा अमेरिकेच्या ग्रीन कार्डाच्या गप्पांतून आली असावी. कॅनडाच्या कायद्यात तसे काही नाही.

प्रश्न : आईला पक्षाघात झाला म्हणून मी सांगलीला आले आणि तीन वर्षांहून अधिक काळ थांबले. माझे जेमतेम 410 दिवस भरतात. माझा मुलगा दहा वर्षांचा असून तो व त्याचे वडील कॅनडातील मिसिसागात आहेत. अर्ज करण्यात काही अर्थ आहे का? (सांगली)

उत्तर : आहे, मात्र तो पूर्ण तयारीने करावा. दिवस कमी पडत असतील, तर माणुसकीच्या व अनुकंपेच्या कारणांवरून दर्जा कायम ठेवण्याचा अधिकार कायद्याने अधिकाऱ्याला दिलेला आहे आणि त्यात ज्या मुलावर निर्णयाचा थेट परिणाम होतो, त्याच्या हिताचा विचार करण्याचे बंधनही घातले आहे. आपला मुलगा तिकडे आहे, ही बाब म्हणूनच अर्जाच्या अखेरीला एका ओळीत उरकू नका. अधिकारी प्रामुख्याने तीन गोष्टी पाहतो : किती दिवस कमी पडले, का पडले, आणि अडचण दूर होताच परतण्याचा प्रयत्न झाला का. आपल्यासारख्यांचे अर्ज बहुतेक वेळा या तिसऱ्या मुद्द्यावर अडतात. आई आजारी होती, एवढे सांगून भागत नाही. तिची काळजी घेणारे दुसरे कोणी का नव्हते, भावंडे असतील तर ती कुठे होती, मुलाला सोडून एवढा काळ थांबण्याखेरीज पर्याय का नव्हता, हे रुग्णालयाची कागदपत्रे, डॉक्टरांची तारीखवार पत्रे आणि नातेवाइकांची शपथपत्रे जोडून दाखवावे लागते. मराठीतील प्रत्येक कागदाचे प्रमाणित भाषांतर जोडा. दिवसांचा हिशेब पासपोर्टवरील शिक्क्यांशी जुळलाच पाहिजे, कारण खोटी माहिती दिल्याचा ठपका दिवस कमी असण्यापेक्षा फार महागात पडतो.

अर्ज नाकारला गेला, तरी 60 दिवसांच्या आत इमिग्रेशन अपील विभागाकडे दाद मागता येते आणि तिथे अनुकंपेची कारणे पुन्हा नव्याने तपासली जातात. निकाल लागेपर्यंत आपला दर्जा टिकतो. गेल्या 365 दिवसांत आपण एकदा तरी कॅनडात जाऊन आला असाल, तर अपील प्रलंबित असताना तिकडे जाण्यासाठी पीआरटीडी मिळण्याचा हक्कही आपल्याला आहे. या तरतुदीचा विसर पडून अनेक जण विनाकारण भारतातच वाट पाहत बसतात.

प्रश्न : माझ्याकडे अमेरिकेचा व्हिसा आहे. कार्डाशिवाय तिथून मोटारीने कॅनडात शिरता येईल का? माझे दिवस कमी आहेत. (नागपूर)

उत्तर : येईल. कार्ड किंवा पीआरटीडी पाहण्याची जबाबदारी विमान, रेल्वे व बस कंपन्यांवर असते. खासगी वाहनाने सीमेवर गेल्यास ही चाळणी नसते, आणि दर्जा सिद्ध झालेल्या कायम निवाशाला अधिकाऱ्याने प्रवेश द्यावाच लागतो. मात्र तोच अधिकारी दिवस मोजून अहवाल लिहू शकतो, त्यावरून देश सोडण्याचा आदेश निघू शकतो, आणि तिथे अपिलाची मुदत 60 नव्हे, 30 दिवसांची असते. अहवालानंतर कॅनडात काढलेले दिवस अपील जिंकल्याशिवाय हिशेबात धरले जात नाहीत. अहवाल न लिहिता सोडले, तर सुटकेचा आनंद आवरता घ्या आणि मागच्या पाच वर्षांत 730 दिवस भरेपर्यंत कार्डासाठी अर्ज करू नका, कारण त्या अर्जाबरोबर हिशेब पुन्हा उघडला जातो. अमेरिकेच्या अधिकाऱ्यासमोर प्रवासाचा खरा हेतू लपवू नये, हेही सांगणे आले.

प्रश्न : पत्नी कॅनडाची नागरिक आहे, दोघे चार वर्षे नाशिकला एकत्र राहिलो. हे दिवस धरले जातील का? (नाशिक)

उत्तर : नागरिक जोडीदारासोबत परदेशात काढलेले दिवस धरले जातात, पण ती नागरिक झाल्यानंतरचे आणि लग्नानंतर एकत्र राहिल्याचेच. भाडेकरार, संयुक्त बँक खाते, तिच्या पासपोर्टच्या सर्व पानांच्या प्रती ठेवा. कोण कोणासोबत गेले, असा प्रश्न काही प्रकरणांत अधिकारी उपस्थित करतात. आपण आधी भारतात आलात आणि पत्नी मागाहून आली असेल, तर त्याचे स्पष्टीकरण न विचारताच द्यावे.

प्रश्न : टोरांटोच्या कंपनीच्या हिंजवडी कार्यालयात नोकरी करतो. हा काळ मोजतात का? (पिंपरी)

उत्तर : कॅनडातील कंपनीने आपल्याला तिथून पूर्णवेळ कामासाठी तात्पुरते इकडे पाठवले असेल आणि काम संपल्यावर परतायचे ठरले असेल, तरच. हिंजवडीतच भरती झाली असेल, तर नाही.

प्रश्न : सहाव्या वर्षी आई-वडिलांसोबत पीआर झालो, नवव्या वर्षी ठाण्याला परत आणले गेले. आता चोवीस वर्षांचा आहे. माझे पीआर शिल्लक आहे का? (ठाणे)

उत्तर : कोणी निर्णय दिला नसेल, तर कायद्याच्या दृष्टीने शिल्लक आहे. लहानपणी नेण्या-आणण्याचा निर्णय आपला नव्हता, ही बाब अनुकंपेच्या अर्जात आपल्या बाजूची ठरते. पण अठरा पूर्ण झाल्यावरच्या सहा वर्षांत परतण्यासाठी काय केले, हे विचारले जाईल आणि त्याचे उत्तर तुमच्याकडे हवे. उत्तर कमकुवत असेल आणि फक्त शिक्षणासाठी जायचे असेल, तर दर्जा रीतसर सोडून विद्यार्थी परवाना मागणे व्यवहार्य ठरते. मात्र त्यावर सही करण्यापूर्वी परवानाधारक वकिलाशी बोला, कारण बाविशी उलटल्यामुळे आई-वडिलांनाही आता आपल्याला अवलंबित मूल म्हणून सामान्यतः पुन्हा प्रायोजित करता येणार नाही.