संग्राहकांचे प्रश्न : फ्रेममधल्या सोनेरी तबकड्या

प्रश्न : ऑनलाइन एक अमेरिकन प्लॅटिनम डिस्क विकायला आहे. अल्बम १९७३चा, कोपऱ्यात होलोग्राम. विक्रेता म्हणतो, ‘त्याच वर्षी बँडला दिलेली’. घ्यावी का?
– एक वाचक, धरमपेठ

उत्तर : विक्रेत्याची कहाणी खोटी आहे, डिस्क खरी असू शकते. अल्बमच्या मोठ्या खपासाठी दिले जाणारे हे गोल्ड आणि प्लॅटिनम पुरस्कार अमेरिकेत आरआयएए ही रेकॉर्ड कंपन्यांची संघटना प्रमाणित करते. गोल्ड १९५८पासून सुरू झालं, प्लॅटिनम १९७६ला. पहिल्या प्लॅटिनम अल्बमचा मान ईगल्स बँडच्या ‘देअर ग्रेटेस्ट हिट्स’चा. आरआयएएचा होलोग्राम १९८०च्या दशकाच्या मध्यावर आला. म्हणजे १९७३ साली ही चीज बनणंच शक्य नव्हतं. पण जुने अल्बम पुढे खपत राहतात आणि प्रमाणन उशिरा होतं. पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ १९७३मध्ये गोल्ड झाला, प्लॅटिनम थेट १९९०मध्ये. तेव्हा अल्बमच्या सालावर जाऊ नका. आरआयएएच्या संकेतस्थळावर प्रमाणनाची तारीख काढा आणि फ्रेम त्या तारखेला जुळते का, ते ताडून पाहा.

साधारण १९७५पर्यंतच्या फ्रेममध्ये पांढरं लिननचं माउंट (डिस्कमागचा आधार), त्यावर डिस्क आणि छोटी पाटी असे. पाटीवरचा मजकूर नीट वाचा. आधी अल्बमच्या गोल्डसाठी दहा लाख डॉलरच्या घाऊक विक्रीची अट होती. ५ लाख प्रतींची अट १९७५ला जोडली गेली. १९७० सालच्या डिस्कवर ‘५ लाख प्रती’ दिसल्या, तर पुढे बोलणीच करू नका. पाठीचा फोटो मागाच. जुन्या फ्रेमचा तपकिरी कागद ठिसूळ झालेला असतो, फ्रेमवाल्याचं लेबल पिवळं पडलेलं असतं. पन्नास वर्षांच्या वस्तूची पाठ कोरी करकरीत दिसली की आम्हाला तरी शंका येते.

प्रश्न : लेबलवर चार गाणी, पण डिस्कवर गाण्यांचे पट्टे पाचच्या हिशेबाचे. नकली का?
– एक वाचक, महाल

उत्तर : एवढ्यावरून नाही. फ्रेम बनवणारे हाताशी असेल ती तबकडी मुलामा देऊन वापरत आणि वर त्या अल्बमचं लेबल चिकटवत. सुई ठेवून ऐकण्याच्या भानगडीत मात्र पडू नका. मुलामाही जाईल, सुईही.

प्रश्न : मे महिन्यात डिस्क माउंटवरून घसरली, काचेला आतून वाफ धरली. फ्रेम उघडून घेऊ का?
– एक वाचक, त्रिमूर्तीनगर

उत्तर : आधी भिंत बदला. नागपुरात पश्चिमेची भिंत संध्याकाळी हात ठेववत नाही इतकी तापते आणि जुना गोंद तिथेच सुटतो. वाफ बहुधा कूलरची. फ्रेम आतल्या भिंतीवर, कूलरच्या झोतापासून दूर लावा. मागे चारही कोपऱ्यांत फेल्टची बटणं चिकटवून हवा खेळू द्या, नाहीतर पावसाळ्यात माउंटवर बुरशीचे ठिपके येतात.

डिस्क सुटलेलीच असेल तर उघडावं लागेल. मागच्या सर्व लेबलांचे फोटो काढा, कागद तीनच बाजूंनी ब्लेडने कापा आणि चौथ्या बाजूवर उलटा. लेबल शाबूत राहतं. दुकानदाराचा नेहमीचा सिंथेटिक रबरचा गोंद चालणार नाही, त्यातलं द्रावण तबकडीचं व्हिनाइल प्लास्टिक खातं. न्यूट्रल क्युअर सिलिकॉनचे चार छोटे ठिपके द्या. व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन धातूचा मुलामा काळवंडवतो, तो टाळा. फ्रेम आडवी ठेवून चोवीस तासांनीच बंद करा. समोर ॲक्रिलिक असेल तर अमोनियाचा ग्लास क्लीनर नको. साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात मऊ कापड भिजवून, पिळून पुसा.

प्रश्न : अमेरिकेहून मागवताना काय सांगावं?
– एक वाचक, सीताबर्डी

उत्तर : काचेवर मास्किंग टेपच्या उभ्या-आडव्या पट्ट्या लावायला सांगा, काच फुटली तरी तुकडे डिस्कवर ओरखडे काढत नाहीत. खोक्यात खोकं हवं, मध्ये चारही बाजूंनी किमान ५ सेंटिमीटर भरण. कस्टम ड्युटी वस्तूची किंमत, वाहतूक आणि विमा यांच्या बेरजेवर बसते, हे सौदा करतानाच धरून चाला.