कुंभारणीचे घर आणि रानातील भूकमळे

“मॅडम, विज्ञान शिकल्यामुळे माझी श्रद्धा जात आहे का?” वसईतील एका कॅथलिक कुटुंबातल्या, प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्या मुलीने पहिल्याच भेटीत हे विचारले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) समुपदेशक म्हणून हा प्रश्न माझ्याकडे अनेकदा येतो, कधी विद्यार्थ्यांकडून, अधिक वेळा काळजीत पडलेल्या आईकडून. त्यामुळे त्याचे उत्तर माझ्याजवळ तयार होते, आणि तिथेच माझी चूक झाली.

मी तिला ख्रिस्ती मठात राहून मठाच्या बागेत 1856 ते 1863 या काळात वाटाण्यांवर प्रयोग करून आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या ग्रेगोर मेंडेल यांच्याविषयी सांगितले. विश्व प्रसरण पावत असल्याचे 1927 मध्ये मांडणारे जॉर्ज लमेत्र हे धर्मगुरू होते, हेही सांगितले. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातले, खंडाळ्याच्या वनस्पतींचा अभ्यास करणारे जेझुइट (कॅथलिक धर्मसंघातले) फादर सांतापाव तर आपल्या सह्याद्रीतलेच उदाहरण. तिने सारे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “त्यांची श्रद्धा टिकली, हे मला माहीत आहे. माझी का टिकत नाही, ते मी विचारते आहे.”

दुसऱ्या भेटीत मी कमी बोलले. झोप, जेवण, अभ्यास, मैत्रिणी यांची चौकशी केली, कारण नैराश्यातही प्रार्थना नकोशी होते आणि माणूस त्याला अश्रद्धा समजून स्वतःला दोष देत बसतो. तसे काही दिसले नाही. मग तिने घराच्या पडवीतील कुंभारीण माशीची गोष्ट सांगितली. ही माशी मातीचा इवलासा गोल गाडगा घडवते, त्यात एक अंडे घालते, नांगीने लुळ्या केलेल्या अळ्या भरते आणि तोंड लिंपून टाकते. अळ्या मारलेल्या नसतात. जिवंत राहिल्या तरच माशीच्या पिलाला ताजे अन्न मिळते. लहानपणी आई तिला तो गाडगा दाखवून म्हणे, “बघ, देवबापाने हिला किती सुंदर घर बांधायला शिकवले आहे!” आता प्रयोगशाळेत तिने तसाच एक गाडगा उघडला होता. “मॅडम, ते सौंदर्य देवाचे असेल, तर आतले कोणाचे?”

म्हणजे उत्क्रांतीने तिच्या देवाला हटवले नव्हते, सृष्टीतल्या क्रौर्याने तिला अडवले होते. (आपल्या संतसाहित्याने याच गाडग्यात भिंगुरटीच्या, म्हणजे या माशीच्याच, ध्यासाने स्वतः भिंगुरटी होणारी अळी पाहिली, तीच माती, पण वाचन किती निराळे.) तिची अडचण जुनी आहे. चार्ल्स डार्विन यांनी 1860 मध्ये एसा ग्रे या श्रद्धाळू ख्रिस्ती वनस्पतिशास्त्रज्ञाला लिहिलेल्या पत्रात, सुरवंटांच्या जिवंत शरीरात वाढणाऱ्या अशाच एका गांधीलवर्गीय कीटकाकडे बोट दाखवून हेच विचारले होते. ग्रे यांनी श्रद्धाही सोडली नाही आणि डार्विन यांची बाजूही सोडली नाही. तिला मात्र ग्रे यांच्यापेक्षा, आपण एकटे नाही हे ऐकून अधिक हलके वाटले.

माझे काम कोणाची श्रद्धा परत आणून देण्याचे नाही. ती काय गमावते आहे, हे तिला नीट पाहू देण्याचे आहे. म्हणून मी तिला देव रानातल्या फुलांनाही सुंदर सजवतो असे सांगणारा ‘रानातील भूकमळे’ हा तिच्या पाठ असलेला मत्तयच्या शुभवर्तमानातला उतारा थोडा वेळ बाजूला ठेवून, बायबलमधल्याच, दुःखात देवाला जाब विचारणाऱ्या ईयोबाच्या पुस्तकाचे 38 आणि 39 हे अध्याय वाचायला सांगितले. तिथे देव सृष्टी दाखवताना भुकेलेल्या सिंहाच्या छाव्यांना आणि रक्त पिणाऱ्या गरुडाच्या पिलांना लपवत नाही. ईयोबाला आपल्या दुःखाचे कारणही मिळत नाही. पुढच्या वेळी तिने स्वतःच मत्तयच्या दहाव्या अध्यायातील चिमण्यांचा उल्लेख केला: पित्यावाचून एकही चिमणी भूमीवर पडत नाही, हे वचन तिने शंभरदा ऐकले होते, पण चिमणी पडते हे त्यात लिहिलेले आहे, हे तिच्या आजवर ध्यानात आले नव्हते.

तिचा प्रश्न सुटला असे मी म्हणणार नाही. तिला खरी भीती आईची होती. आईने सृष्टीचे सौंदर्य दाखवून जी श्रद्धा दिली, तीवर शंका घेणे म्हणजे आईला खोटे पाडणे, असे तिला वाटत होते. ही भीती बोलून दाखवायला तिला दोन महिने लागले. आता ती रविवारी आईबरोबर चर्चमध्ये मिस्सेला (प्रार्थनाविधीला) जाते आणि सृष्टीच्या सौंदर्याचे गीत सुरू झाले की गप्प उभी राहते. नाताळच्या रंगरंगोटीआधी आई झाडू घेऊन पडवीत आली, तेव्हा तिने आईला थांबवले, गाडग्याच्या आत काय असते ते सांगितले आणि आपण का गात नाही तेही सांगितले. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग तेवढा भिंतीचा तुकडा सोडून तिने बाकीची पडवी रंगवून घेतली.