परदेशातून मागवलेली भेटवस्तू वेळेवर का पोचत नाही? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : वस्तूच्या पानावर '१० ते १५ दिवसांत डिलिव्हरी' असं लिहिलं होतं. वाढदिवसाच्या तीन आठवडे आधी ऑर्डर दिली, तरी वस्तू आली नाही. विक्रेता म्हणतो, उशीर झालेलाच नाही. हे कसं?

बहुतेक वेळा विक्रेता शब्दशः खरं बोलत असतो. ते १५ दिवस पार्सल त्याच्या हातून सुटल्यावर मोजायचे असतात, आणि तेही कामाचे दिवस. त्याआधी 'प्रोसेसिंग टाइम' म्हणजे तयारीचा वेळ असतो. नाव कोरलेलं पेन, फोटो छापलेला मग, हाताने विणलेली शाल अशा वस्तू ऑर्डर आल्यावरच बनवायला घेतात. तयारीला कामाचे ५ दिवस आणि वाहतुकीला १५ धरले, तर २० होतात. म्हणजे पूर्ण चार आठवडे, तेही मध्ये एकही सुट्टी आली नाही तर.

सुट्ट्याही आपल्या नव्हे, विक्रेत्याच्या देशातल्या बघायच्या. चिनी नववर्ष २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी यांच्या दरम्यान कधीतरी येतं आणि त्या सुमारास तिथले अनेक कारखाने दोन-तीन आठवडे बंद असतात. १ ऑक्टोबरपासून तिथे पुन्हा मोठी सुट्टी लागते. डिसेंबरमध्ये तर जगभरच टपालाचा ढीग साचतो. आणखी एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते : 'शिप्स फ्रॉम' ही ओळ. दुकान एका देशातलं आणि माल दुसऱ्याच देशातून सुटतोय, असं सर्रास चालतं.

आमचा हिशोब सरळ आहे. देण्याच्या तारखेपासून उलटं मोजा. साध्या टपालाला सहा आठवडे, एक्स्प्रेस कुरिअरला दोन, आणि वस्तू बनवून घ्यायची असेल तर तयारीचा वेळ वेगळा धरा.

प्रश्न : ट्रॅकिंगवर बारा दिवसांपासून एकच ओळ दिसतेय. पार्सल हरवलं का?

ती ओळ कोणती, यावर सगळं अवलंबून आहे.

'लेबल तयार झालं' किंवा 'शिपमेंटची माहिती मिळाली' एवढंच दिसत असेल, तर पार्सल अजून कुणी हातातही घेतलेलं नसू शकतं. विक्रेत्याने फक्त लेबल छापलंय. वेळेत माल पाठवल्याची नोंद दिसावी म्हणून काही जण मुद्दामच लेबल आधी काढून ठेवतात. ही ओळ पाच-सहा दिवस हलली नाही, तर 'पार्सल कोणत्या तारखेला कुणाकडे सोपवलं' असं लेखी विचारा.

'आउटवर्ड ऑफिस ऑफ एक्स्चेंजमधून रवाना' असं असेल, तर धीर धरा. हे ऑफिस म्हणजे परदेशी टपालाच्या थैल्या बांधण्याचं केंद्र. तिथून रवाना झालं याचा अर्थ विमान सुटलं असा होत नाही; थैली विमान कंपनीकडे जाते आणि जागा मिळेपर्यंत पडून राहते. दुसऱ्या देशात ती उघडेपर्यंत आतल्या एकेका पार्सलचं स्कॅनिंग होत नाही. स्वस्त सेवेत दहा-बारा दिवसांची ही शांतता नेहमीचीच.

नंबरही नीट बघा. टपालाचा आंतरराष्ट्रीय नंबर १३ खुणांचा असतो : दोन इंग्रजी अक्षरं, नऊ अंक, मग देशाची दोन अक्षरं (जपान 'जेपी', चीन 'सीएन'). सुरुवातीचं 'आर' रजिस्टर्डचं, 'ई' स्पीड पोस्टसारख्या ईएमएस सेवेचं, 'सी' पार्सलचं. 'यू'ने सुरू होणाऱ्या पाकिटाचा माग सहसा धरला जात नाही, त्यामुळे तिथे नवी नोंद दिसण्याची वाट बघण्यात अर्थ नाही.

नंबर बनावट वाटतोय? नववा अंक हा पडताळणीचा असतो. पहिल्या आठ अंकांना क्रमाने ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ यांनी गुणा आणि बेरीज करा. समजा, अंक १२३४५६७८ आहेत. बेरीज २०४ येते. तिला ११ ने भागल्यावर बाकी ६ उरते, आणि ११ वजा ६ म्हणजे ५. नववा अंक ५ च हवा. (वजाबाकी १० आली तर ०, आणि ११ आली तर ५ धरायचे.) खाजगी कुरिअरच्या नंबरांना मात्र हा नियम लागू नाही.

प्रश्न : पार्सल कस्टम्समध्ये अडकलंय. विक्रेता म्हणतो, 'काळजी नको, मी "गिफ्ट" लिहिलंय.' मग अडलं का?

तसं लिहिल्यामुळेच अडलं असेल. भेटवस्तूची करसवलत बहुतेक देशांत एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला विनामोबदला पाठवलेल्या वस्तूला असते. युरोपीय संघात तिची मर्यादा ४५ युरो आहे. दुकानाने विकलेली वस्तू तुमच्या दृष्टीने भेट असली, तरी कस्टम्सच्या लेखी ती विक्रीच. पाकिटावर दुकानाचा शिक्का, आत बिल आणि वर 'गिफ्ट' अशी विसंगती दिसली की पार्सल तपासणीच्या रांगेत जातं. किंमत मुद्दाम कमी लिहिली, तर दंडाची शक्यता आहेच, शिवाय वस्तू हरवली तर भरपाईही त्या खोट्या किमतीइतकीच मागता येते.

दुसरं कारण मोघम वर्णन. छोट्या पाकिटावर सीएन २२ आणि मोठ्या किंवा महागड्या पार्सलवर सीएन २३ हा फॉर्म असतो. त्यावर नुसतं 'ॲक्सेसरीज' लिहिलेलं चालत नाही; 'महिलांचा सुती स्कार्फ, १ नग' असं लिहिलेलं लागतं. सोबत सहा अंकी एचएस कोड (मालाचा प्रकार सांगणारा आंतरराष्ट्रीय क्रमांक) असेल तर काम लवकर होतं. १ जानेवारी २०२१पासून जागतिक टपाल संघाने ही माहिती आगाऊ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात पाठवणं बंधनकारक केलंय. ती आली नाही किंवा अर्धवट आली, तर पार्सल निघतानाच थांबू शकतं.

तिसरं कारण, कर कोण भरणार हेच ठरलेलं नसणं. ऑर्डरवर 'डीडीपी' असेल तर कर विक्रेत्याने आधीच धरलेला असतो. 'डीएपी' किंवा जुन्या भाषेत 'डीडीयू' असेल तर तो पार्सल घेणाऱ्याने भरायचा. त्याची सूचना एसएमएसने किंवा ईमेलने येते आणि ती स्पॅममध्ये पडली की पार्सल गोदामात बसून राहतं, शेवटी परत जातं. अर्थात बनावट मेसेजही याच नावाने येतात, म्हणून लिंक न उघडता कुरिअरच्या संकेतस्थळावर स्वतः नंबर टाकून बघा.

जुन्या अनुभवावरही विसंबू नका. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला शुल्कमाफी होती. २९ ऑगस्ट २०२५पासून ती सगळ्या देशांसाठी स्थगित झाली आणि त्या सुमारास अनेक देशांच्या टपालखात्यांनी तिकडची पार्सलं घेणंच काही काळ थांबवलं.

प्रश्न : अत्तर आणि पॉवर बँक एकत्र मागवले. पार्सल विमानतळावरून परत गेलं.

दोन्ही वस्तू हवाई वाहतुकीत धोकादायक मालात मोडतात. अत्तरात अल्कोहोल असेल तर ते ज्वलनशील द्रव ठरतं. पॉवर बँक म्हणजे सुटी लिथियम बॅटरी, आणि १ एप्रिल २०१६पासून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून नेता येत नाहीत. उपकरणात बसवलेल्या बॅटरीचे नियम त्यामानाने सैल आहेत. या दोन वस्तू ज्या देशात द्यायच्या, तिथल्याच दुकानातून घ्या. इथे हट्टाने काही साधत नाही.

प्रश्न : विक्रेता सारखं 'अजून दोन आठवडे थांबा' म्हणतोय. कधीपर्यंत थांबावं?

त्याच्या शब्दापेक्षा तक्रारीच्या मुदतीकडे बघा. पेपालवर वस्तू न मिळाल्याचा वाद पैसे भरल्यापासून १८० दिवसांत उघडावा लागतो, आणि उघडल्यावर २० दिवसांत त्याचं 'क्लेम'मध्ये (म्हणजे पेपालनेच निकाल द्यावा अशा मागणीत) रूपांतर केलं नाही तर तो आपोआप बंद होतो. बंद झालेला वाद पुन्हा उघडत नाही, म्हणून 'आधी तक्रार मागे घ्या, मग पैसे देतो' याला बळी पडू नका. कार्डाने पैसे दिले असतील तर चार्जबॅकची, म्हणजे बँकेमार्फत पैसे परत मागण्याची मुदत बँकेला आजच विचारा. टपालखात्याकडे चौकशीची मुदत पार्सल टाकल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सहा महिने असते आणि साधारणपणे ती पाठवणाऱ्याने सुरू करायची असते. तेव्हा विक्रेत्याकडे चौकशी अर्जाचा क्रमांक मागा. तो देता येत नसेल, तर थांबण्याची गरज नाही.

ट्रॅकिंगवर 'डिलिव्हर्ड' दिसतंय आणि हातात काहीच नाही, असं झालं तर कुरिअरकडून पार्सलचं वजन आणि पोचवल्याचा पत्ता लेखी घ्या. तुमच्याच शहरातल्या दुसऱ्या कुणाच्या पार्सलचा नंबर देण्याची फसवणूक त्यातूनच उघडी पडते.

प्रश्न : भेट थेट मैत्रिणीच्या परदेशातल्या पत्त्यावर पाठवायची आहे. तिला किंमत कळू नये.

कुरिअरच्या पार्सलला बाहेरून बिल जोडलेलं असतं आणि टपालाच्या फॉर्मवर किंमत लिहावीच लागते. 'गिफ्ट रॅप' निवडल्याने हे टळत नाही. तिला किंमत कळू नये असं खरंच वाटत असेल, तर तिच्याच देशातल्या विक्रेत्याकडून घ्या. नाहीतर 'डीडीपी' निवडा, म्हणजे निदान तिला कर तरी भरावा लागणार नाही. आणि फोन नंबर तिचा द्या, तुमचा नको. कुरिअरवाला दारात उभा राहून तुम्हाला दुसऱ्या देशात फोन लावत बसणार नाही.