आधी राखण, मग लागवड: हिरड्याच्या रानासाठी वाडीने काय ठरवावे

तुमची वाडी पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातली. बचत गटाने दोन पावसाळे डोंगरावर रोपे लावली, पण उन्हाळा सरेपर्यंत मोजकीच जगली. हिरडाही दरवर्षी कमी मिळतोय. यंदा कोणती रोपे आणावीत आणि वनहक्काचा दावा आधी करावा की लागवड, असे तुम्ही विचारले आहे. माझे मत: यंदा डोंगरावर एकही रोप लावू नका.

भाताची कापणी झाली की जनावरे मोकळी सुटतात आणि शिमग्याच्या सुमारास वणवा येतो. या दोन्हींतून पिशवीतले रोप वाचत नाही, मग ते कोणत्याही जातीचे असो. पण त्याच उतारावर ऐन, किंजळ, जांभळाची तोडलेली खोडे मुळासकट जिवंत असतात. राखण मिळाली तर त्यांचा फुटवा पहिल्याच वर्षी कमरेला लागतो, कारण मुळे आधीच खोल गेलेली असतात. पावसाळा संपल्यावर प्रत्येक खोडाचे दोन जोमदार फुटवे ठेवून बाकीचे कोयत्याने काढा. ही लागवड फुकटची आहे आणि ती मरत नाही.

सगळा डोंगर एकदम बंद करायला जाऊ नका, पहिल्याच वर्षी भांडण होऊन नियम मोडेल. तीन भाग पाडा. एक भाग तीन वर्षे चराईला बंद, दोन खुले. बंद भागातले गवत विळ्याने कापून न्यायला मुभा ठेवा, म्हणजे चारा बुडत नाही. फुटवे शेळीचे तोंड पोहोचणार नाही इतके उंच गेले की पुढचा भाग बंद करा. हे ठरवायच्या बैठकीला ज्यांची शेळ्या-गुरे तिथे चरतात ती माणसे हवीतच, शेजारच्या वाडीची असली तरी. त्यांना वगळून केलेली चराईबंदी कागदावरच राहते. सरपण आणणाऱ्या बायकांचेही तसेच. कुठले झाड कधी तोडले जाते हे त्यांना नेमके माहीत असते.

वणव्यासाठी बंद भागाभोवती जाळरेषा काढा. गवत पिवळे पडू लागले की नोव्हेंबर-डिसेंबरात तीन मीटर रुंदीचा पट्टा कापून साफ करायचा. फेब्रुवारीत पानगळ त्याच पट्ट्यावर पुन्हा पडते, ती झाडली नाही तर आधीची मेहनत वाया जाते. बहुतेक ठिकाणी हीच दुसरी सफाई राहून जाते.

आता खरे दुखणे, ते म्हणजे राब. भाताचे रोप टाकण्याआधी वाफा भाजायला दरवर्षी ऐनाचे टहाळ (पाल्यासकट फांद्या) उतरवतात, झाडाचा नुसता खांब उरतो. नुसती बंदी घालून हे थांबत नाही, कारण रोप तर टाकावेच लागते. त्याला पर्याय चारसूत्री भातपद्धतीत, म्हणजे चार नियमांनी भात लावायच्या पद्धतीत आहे. त्यातले दोन नियम इथे कामाचे. रोपवाटिकेत वाफ्याच्या मातीत भाताच्या तुसाची काळी राख मिसळायची, चौरस मीटरला अर्धा ते एक किलो. खाचरात चिखलणीआधी गिरिपुष्पाचा (ग्लिरिसिडिया) हिरवा पाला गाडायचा, गुंठ्याला सुमारे ३० किलो. गिरिपुष्प बांधावर लावा. मनगटाएवढ्या जाडीची, तीन-चार फुटांची फांदी पावसाच्या सुरुवातीला दीड-दोन मीटर अंतराने रोवली की फुटते. पहिल्या दोन वर्षांत पाला थोडाच मिळेल, तोवर राब निम्म्यावर आणा आणि टहाळ उतरवताना झाडाचा शेंडा व वरचा तिसरा हिस्सा सोडा. गिरिपुष्पाची किती झाडे लागतील हे ऐकीव आकड्यावर ठरवू नका. एका झाडाची छाटणी काट्यावर तोला आणि आपल्या गुंठ्यांचा हिशेब मांडा.

हिरड्याचे उत्पन्न घटण्यात हवामानाचा हात आहेच. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या पट्ट्यातल्या झाडांचे फार नुकसान केले. पण बाकीचे आपल्या हातात आहे. ‘मी नाही काढला तर दुसरा काढेल’ या धास्तीने लोक कोवळे फळ ओरबाडतात, वेळ वाचवायला फांदीच तोडतात. फार कोवळे फळ वाळून वजनात काहीच उरत नाही, आणि तोडलेल्या फांदीवर पुढच्या वर्षी मोहोर नसतो. म्हणून तोडणीची तारीख सभेनेच ठरवावी. चार-पाच ठिकाणची फळे कापून पाहा. आतली आठळी टणक व्हायच्या आत, पण फळ भरल्यावर, बाळहिरडा काढायचा. दहातले एक झाड बियाण्यासाठी पिकू द्या. वाळवताना ढीग करू नका, पातळ पसरा, रोज हलवा. वळिवात एकदा भिजला की बुरशी धरतो आणि व्यापारी भाव पाडतो. लहान-मोठा निवडून, सगळ्या घरांचा एकत्र विकला तर सौदा करता येतो.

नंतर कधी हिरडा मालकीच्या बांधावर लावायचा झाला तर पिकलेल्या फळाचा गर काढून आठळी वाळवा, रुंद टोक जपून कापा आणि दीड दिवस पाण्यात भिजवून पेरा. तसेच पेरले तर महिनोन्महिने उगवत नाही. एक लक्षात ठेवा, हिरडा मालकीच्या जमिनीतला असला तरी झाड तोडायला परवानगी लागते.

दावा आणि राखण एकाच वेळी सुरू करा. आधी सातबारा व नकाशा पाहून कुठली जमीन मालकीची, कुठली गायरान, कुठली वनखात्याची हे लिहून काढा. वनखात्याच्या जमिनीवर २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनसंसाधनाचा हक्क, म्हणजे गाव परंपरेने वापरत आलेले रान राखण्याचा व वापरण्याचा हक्क, मागता येतो, अभयारण्यातसुद्धा. त्याचा अर्ज नमुना ‘क’ मध्ये. वनहक्क समिती १० ते १५ जणांची, त्यात किमान एक तृतीयांश महिला. ठराव होताना ग्रामसभेचे निम्मे सदस्य हजर हवेत आणि त्या हजरांत एक तृतीयांश महिला. दावे इथेच अडकतात: सह्या नंतर घरोघरी फिरून घेतल्या जातात आणि दावे तपासणाऱ्या उपविभागीय समितीकडून फाईल परत येते. पुरावे किमान दोन जोडा. वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब चालतात, पण सोबत शिवारफेरी करून देवराई, पाणवठे, हिरड्याची राने दाखवणारा नकाशा द्या. शेजारच्या गावांना हद्दीची लेखी सूचना आधीच द्या.

राखणीचे नियम मोडल्याचा दंड छोटा ठेवा, वसूल होईल एवढाच, आणि त्याची वही दर ग्रामसभेत मोठ्याने वाचा. पहिला दंड समितीतल्याच कुणाच्या घरचा निघाला तर तो त्याच बैठकीत घ्या.