विद्यापीठांतील संशोधन सामान्य माणसापर्यंत खरोखर पोहोचते का?

आपण विचारले आहे की, महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत जे संशोधन चालते ते सामान्य माणसाच्या हाती कधी लागते का, आणि लागत असेल तर त्याने ते कोठे शोधावे. मी एका तालुक्याच्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालो आणि तेथे काही वर्षे बहिःशाल व्याख्यानांचे, म्हणजे महाविद्यालयाबाहेरच्या लोकांसाठी ठेवलेल्या व्याख्यानांचे, कामही माझ्याकडे होते. त्या अनुभवावरून सांगतो की, संशोधन पोहोचते, परंतु जेथे ऐकणाऱ्याला उलट प्रश्न विचारण्याची सोय आहे तेथेच ते टिकते.

याचे सर्वांत चांगले उदाहरण कृषी विद्यापीठांत सापडते, आणि शहरातील वाचकांचे तिकडे सहसा लक्ष जात नाही. महाराष्ट्रात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठे आहेत. एखादे नवे वाण किंवा लागवडीची नवी पद्धत संशोधन केंद्राच्या वाफ्यात यशस्वी झाली, म्हणून ती लगेच शेतकऱ्याला सांगितली जात नाही. निरनिराळ्या ठिकाणी काही हंगाम चाचण्या होतात, त्यांचे आकडे चारही विद्यापीठांच्या संयुक्त बैठकीपुढे ठेवले जातात (या बैठकीला सगळे ‘जॉइंट अॅग्रेस्को’ असेच म्हणतात), तेथे इतर विद्यापीठांचे शास्त्रज्ञ उलटतपासणी घेतात आणि त्यातून जे तरते तेच ‘शिफारस’ म्हणून बाहेर पडते. पुढे कृषी विज्ञान केंद्रे शेतकऱ्याच्याच रानात आद्यरेषा प्रात्यक्षिके घेतात, म्हणजे शिफारस झालेले वाण किंवा पद्धत तेथे प्रत्यक्ष करून दाखवतात. शेजारच्या बांधावरून लोक ते पीक पाहतात, आणि बांधावरचा शेतकरी कोणत्याही परीक्षकापेक्षा कठोर असतो.

सांगली जिल्ह्यातील कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्रातून आलेले ‘फुले संगम’ हे सोयाबीनचे वाण पाहा. कृष्णाकाठच्या दमट हवेत सोयाबीनवर तांबेरा हा बुरशीचा रोग फार पडतो, म्हणून त्याला बऱ्यापैकी तोंड देणारे वाण तेथे हवे होते. केडीएस ७२६ हा त्याचा नोंदणीतील क्रमांक. आज कितीतरी शेतकरी बियाण्याच्या दुकानात नुसते ‘सातशे सव्वीस’ मागतात. प्रयोगवहीतला आकडा गावच्या बोलीत असा रुळला, याहून मोठी पावती संशोधकाला क्वचितच मिळत असेल. तरीही माझा आग्रह राहील की, आपण केवळ वाणाचे नाव ऐकून थांबू नये. परभणीला विद्यापीठाच्या वर्धापनदिनी, म्हणजे १८ मे रोजी, खरिपाचा मेळावा भरतो, आणि अकोल्याला शिवारफेरीत विद्यापीठाची प्रक्षेत्रे प्रत्यक्ष हिंडून पाहता येतात. तेथे व्यासपीठावरील भाषणांपेक्षा बाहेरच्या दालनांत उभे असलेले तरुण शास्त्रज्ञ अधिक उपयोगाचे असतात. त्यांना आपल्या जमिनीचा पोत सांगून विचारावे.

दुसरा अनुभव खोडदचा आहे. जुन्नर तालुक्यातील या गावाजवळ टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यांपैकी काही मध्यभागी आणि उरलेल्या तीन दिशांना दूरवर पसरलेल्या. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास, म्हणजे २८ फेब्रुवारीला, तेथील दारे लोकांसाठी उघडतात आणि पंचक्रोशीतील शाळांची मुले स्वतःचे प्रयोगही मांडतात. मी विद्यार्थ्यांना घेऊन गेलो असताना एका वयस्क शेतकऱ्याने तेथील अभियंत्याला सरळ विचारले, “साहेब, या तबकड्या पाऊस पळवतात म्हणतात, खरे काय?” माझ्या विद्यार्थ्यांना हसू आले, पण तो अभियंता हसला नाही. ही तबकडी काहीही बाहेर सोडत नाही, आकाशातून येणाऱ्या अतिशय क्षीण रेडिओलहरी ती केवळ टिपते, आणि म्हणूनच येथे मोबाइल बंद ठेवायला सांगतात, कारण खिशातल्या फोनचा आवाजही तिच्या दृष्टीने कानठळ्या बसवणारा असतो, असे त्याने शांतपणे समजावले. शेतकरी थोडा वेळ थांबून म्हणाला, “म्हणजे हा नुसता कान हाय.” रेडिओ दुर्बिणीची इतकी नेमकी व्याख्या मला वर्गात कधी करता आली नव्हती.

याच संस्थेचा ‘चाय अँड व्हाय?’ हा उपक्रम २००९ पासून मुंबईत चालतो आणि जुहूच्या पृथ्वी थिएटरमध्ये रविवारी सकाळी शास्त्रज्ञ चहा पीत लोकांशी गप्पा मारतात. पुण्यात आयुका हे खगोलशास्त्राचे संशोधन केंद्र शालेय मुलांसाठी दुसऱ्या शनिवारी व्याख्याने ठेवते, तर मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून मराठीतून विज्ञान सांगत आली आहे.

आमच्यासारख्या साध्या महाविद्यालयांचे काय, असा प्रश्न उरतोच. पुणे विद्यापीठाच्या बहिःशाल विभागातर्फे होणारी जयकर व्याख्यानमाला गावोगावच्या महाविद्यालयांत चालते. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू बॅ. मुकुंदराव जयकर यांचे नाव तिला दिले आहे. बहिःशाल या शब्दातच शाळेबाहेरच्या माणसासाठी असा अर्थ आहे, परंतु प्रत्यक्षात अनेकदा सकाळच्या तासिका बुडवून द्वितीय वर्षाची मुले सभागृहात बसवली जातात आणि छायाचित्र निघाले की काम झाले असे समजले जाते. मीही सुरुवातीला हेच केले, हे कबूल करतो. एका वर्षी व्याख्यान सायंकाळी बाजारपेठेतील मंदिराच्या सभामंडपात ठेवले तेव्हा दुकान बंद करून आलेल्या माणसांनी वक्त्याला तासभर सोडले नाही. प्राध्यापकांनाही यात फारसे बळ मिळत नाही. पदोन्नतीच्या हिशेबात संशोधननिबंधाला जे वजन आहे, ते लोकांसाठी लिहिलेल्या मराठी लेखाला नाही, आणि माणूस शेवटी जेथे गुण मिळतात तेथेच कष्ट घालतो.

लिखित संशोधन हवे असेल तर ‘शोधगंगा’ हे संकेतस्थळ पाहावे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ मध्ये नियम केल्यामुळे पीएच.डी.चे प्रबंध तेथे जमा होतात आणि कोणालाही विनामूल्य वाचता येतात. मराठीतील पुष्कळ प्रबंध जुन्या फॉन्टमध्ये टंकलेले किंवा नुसते स्कॅन केलेले असल्यामुळे आतील मजकुरावरून शोध लागत नाही, म्हणून शीर्षक, मार्गदर्शकाचे नाव आणि विद्यापीठ यांवरून शोधावे, आणि प्रबंध उघडल्यावर आधी शेवटचे प्रकरण वाचावे. पहिली दोन प्रकरणे बहुधा परीक्षकांसाठी असतात.

नियतकालिकांची गोष्ट मात्र वेगळी आहे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये देऊन ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके ६,३०० हून अधिक शासकीय उच्च शिक्षण व संशोधन संस्थांना खुली करण्याचा तिचा उद्देश आहे. यात शासकीय संस्थांतील विद्यार्थी आणि संशोधक येतात. आपण आणि मी मात्र येत नाही, जरी पैसा आपल्याच करातला असला तरी. यावर साधा उपाय आहे. निबंधाच्या सारांशाखाली लेखकाचा ईमेल असतो, त्यावर निबंध का हवा आहे ते चार ओळींत लिहून प्रत मागावी. मी निवृत्तीनंतर असे बरेच निबंध मिळवले आहेत, आणि दोनदा तर निबंधाबरोबर लेखकाचा उलट प्रश्नही आला की, तुमच्या भागात ही वनस्पती अजून दिसते का, दिसत असेल तर कोणत्या महिन्यात फुलते.